पलीकडची बाजू

योएन्सूत जूनची संध्याकाळ संपत नाही.
रात्रीचे साडेआठ, आणि उंच उडीच्या खांबांच्या सावल्या
अजून गवतावर लोळताहेत.
वरून तिसऱ्या बाकावर उर्पो, रेइयो, क्युल्लिक्की,
मोहरी लावलेलं सॉसेज, थर्मासातली कॉफी
आणि चाळीस वर्षं न मिटलेला वाद:
धावणारे डावीकडेच का वळतात?

रेइयो शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा.
तो म्हणतो, उजवा पाय जोराचा, बाहेरून रेटतो,
डावा नुसता खुंटा.
उर्पो म्हणतो, मग डावखुऱ्यांचे विक्रम कुणी खाल्ले?
मग हृदय निघतं. ते डाव्या अंगाला म्हणून म्हणे.
"तुझं बायपासनंतर कुठे ठेवलंय, तुला तरी ठाऊक आहे का?"
हे क्युल्लिक्की.
मग अथेन्स: तिथे पहिल्या खेपेला
घड्याळाच्या काट्यासारखे धावले होते.
उर्पोच्या वहीत आहे. उर्पोच्या वहीत सगळं असतं,
एकाहत्तरच्या पावसात कोण कितव्या फेरीला
पोट धरून खाली बसला, तेसुद्धा.

मी शेजारी. मला त्यांची भाषा अर्धी कळते.
माझ्या भाषेत देवाला उजवं घालतात,
आणि ज्याला डाव्या हाताला टाकून पुढे जावं
त्याला डावललं म्हणतात.
इथे मधोमध गोळाफेकीचं रिंगण,
खुर्चीत पेंगणारा एक पंच,
आणि सगळे त्याला डावलून पळताहेत.
हे सांगावंसं वाटलं.
पण तोंडात सॉसेज होतं.

क्युल्लिक्कीनं तीस वर्षं फेऱ्या मोजल्या,
पत्र्याचे आकडे उलटले, शेवटच्या फेरीची घंटा वाजवली.
ती म्हणाली, "अरे, आपण इथे बसतो ना?
शेवटचा सरळ पट्टा आपल्यासमोरून जातो,
डावीकडून उजवीकडे. ओळ वाचावी तसा.
उलटी ओळ वाचायला तिकीट कोण काढील?"

कुणाला काही सुचेना.
रेइयोनं कॉफीत फुंकर मारली, ती गार झालेली असताना.

तेव्हा खालच्या बाकावरून एक माणूस वळला.
बसचालकाचा निळा शर्ट, मांडीवर मुलाची ट्रॅकपँट,
नीट घडी घातलेली.
"आणि पलीकडे?" त्यानं विचारलं.
"पलीकडे काय?"
"पलीकडच्या पट्ट्यावर ते उजवीकडून डावीकडे जातात.
तिथे मी वाचतो."

त्याचं नाव वर्समे. लहानपणी लाकडी पाटी होती त्याला,
कोळसा नि डिंकाची शाई,
रोज लिहायचं, पाठ झालं की धुऊन टाकायचं.

उर्पोनं वही मिटली, परत उघडली.
"पाच हजार तिकडूनच सुटते," तो हळूच म्हणाला.
"साडेबारा फेऱ्या. ती अर्धी तिकडची."

सुटली.
सतरा नंबरचा लिबान, कोपरं जरा बाहेर काढून पळणारा.
तो आमच्याकडे आला की क्युल्लिक्की पुटपुटे,
पलीकडे गेला की वर्समेचे ओठ हलत.
मधल्या वळणांवर कुणीच काही बोलत नव्हतं.

घंटा झाली. क्युल्लिक्कीचा मनगटापासूनचा हात
आपोआप हलला.
पलीकडे लिबाननं दोघांना मागे टाकलं;
वर्समे उभा राहिला, ट्रॅकपँटची घडी मोडली.
अलीकडे एकानं त्याला परत गाठलं.
पाचवा.

उर्पोनं डाव्या टोकाला लिहिलं: चौदा एकतीस आठ.
मग वही खाली दिली. "नाव तूच लिही."
वर्समेनं पेन उजव्या कडेला टेकवलं
आणि आकड्याच्या दिशेनं येऊ लागला.
मध्ये बोटभर जागा उरली.
तिथे मोहरीचा डाग होता.

"पण डावखुऱ्यांचं काय?" उर्पो म्हणाला.